सहगुणक वाचायला शिकताना: पीयूसी सायन्सला येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव भागातल्या मराठी शाळेतून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) होऊन पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेणाऱ्या मुलांना इंग्रजीचा त्रास होणार, हे सगळेच सांगतात. मीही त्याच वाटेने गेलो आणि आता याच भागात शिकवण्या घेतो. माझ्या मते इंग्रजी दिवाळीपर्यंत अंगवळणी पडते, पण सूत्रातल्या अक्षरापुढचा आकडा, म्हणजे सहगुणक, नेमके काय सांगतो हे विचारण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

गणितापासून सुरुवात करा. २क्ष² − ७क्ष + ३ = ० या समीकरणाची मुळे न काढताच त्यांची बेरीज ७/२ आणि गुणाकार ३/२ असल्याचे सहगुणकांवरून सांगता येते; मुळे ३ आणि १/२ आहेत, पडताळून पाहा. आता सगळे समीकरण ५ ने गुणले, तर तिन्ही सहगुणक बदलतात, पण मुळे जागची हलत नाहीत. म्हणजे मुळांच्या दृष्टीने महत्त्व एकेकट्या आकड्याला नसून त्यांच्या आपसांतल्या प्रमाणाला आहे.

भौतिकशास्त्रात अशा आकड्याला गुणांक म्हणतात आणि तो बहुधा मोजून मिळतो, त्यामुळे त्याचे एकक कोणते आणि तो कोणत्या परिस्थितीत खरा, हे दोन प्रश्न लगेच उभे राहतात. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रींची कमतरता नाही. तिथला पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणारा कारागीर, ओतीव लोखंडाच्या कास्टिंगसाठी फुटाला एक सूत, म्हणजे १/८ इंच, माप वाढवून धरतो, कारण निवताना लोखंड आकसते. हे सुमारे एक टक्का झाले. पुस्तकाप्रमाणे या लोखंडाची लांबी दर अंश सेल्सिअसला साधारण एक लाखांश बदलते, आणि साच्यात घट्ट झाल्यापासून निवेपर्यंत ते हजार-अकराशे अंश खाली येते. गुणाकार करा: पुन्हा सुमारे एक टक्काच. गुणांक तापमानाबरोबर थोडा बदलतो आणि घट्ट होताना तयार होणारे ग्राफाइटही आपला परिणाम दाखवते, म्हणून हा मेळ ढोबळच मानायचा. तरीही ‘प्रति अंश सेल्सिअस’ हे शब्द सोडून नुसता आकडा पाठ केला असता, तर हा गुणाकार मांडताच आला नसता.

घर्षणाच्या गुणांकाला एकक नाही, पण म्हणून तो बिनशर्त होत नाही. तो एकट्या पोलादाचा नसून एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांचा असतो. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरणाऱ्या ब्रागांझा घाटात रुळांचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे वर येताना दर टन वजनामागे सुमारे २७ किलोचा ओढा लागतो. इंजिन १२० टनांचे आणि कोरड्या रुळावर चाकाच्या पकडीचा गुणांक ०.२५ धरला, तर पकड ३० टनांची मिळते आणि इतर अवरोध सोडून दिल्यास इंजिनासह ३० × ३७, म्हणजे १,११० टनांची गाडी चढू शकते. रूळ ओले होऊन गुणांक ०.१० वर आला, की हाच हिशेब ४४४ टनांवर येतो. इंजिन तेच, चढ तोच, बदलला तो एक गुणांक. चाकाखाली वाळू सोडण्याची सोय त्यासाठीच असते, आणि पकड मिळवणारे वजन वाढवायला या घाटात जादा इंजिनेही जोडली जातात. ‘म्यू (घर्षणाचा गुणांक) बरोबर ०.२५’ एवढेच लिहून पुढे जाणाऱ्या मुलांना मी हे गणित हाताने करायला लावतो.

प्रयोगशाळेत गुणांक आलेखाच्या चढातून भेटतो, आणि तोंडी परीक्षेत प्रश्नही बहुधा तिथेच येतात. साध्या लंबकाच्या प्रयोगात आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग घेतला, तर चढ सुमारे ४.०३ सेकंद² प्रति मीटर यायला हवा; ४π² ला त्याने भागले की गुरुत्वत्वरण ९.८ मिळते. चढ ०.०४ च्या आसपास आला, तर घाबरून वाचने खोडू नका. लांबी सेंटिमीटरमध्ये राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच चढावरून उत्तर ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद² येईल आणि एकक लिहिलेत, तर तेही बरोबर आहे.