छतावर चढायचं असेल तर: पायात काय घालावं आणि पाय कुठे ठेवावा

3 मीटर उंचीवरून पडलेला माणूस जेमतेम पाऊण सेकंदात जमिनीवर आपटतो. त्या क्षणी त्याचा वेग ताशी 27 किलोमीटरच्या वर गेलेला असतो. सावरायला, काही धरायला वेळच मिळत नाही. 3 मीटर म्हणजे साध्या बैठ्या घराची उंची. म्हणून ‘पाचच मिनिटांचं काम आहे’ म्हणत कुणी चपलेवर शिडी चढायला लागलं की मला त्याचा हात धरून खाली ओढावंसं वाटतं.

बुटांकडे येऊच, पण सुरुवात त्याच्याही आधी होते.

1. खालूनच ठरवा

वर जाणं खरंच गरजेचं आहे का? गळती कुठे आहे हे बघण्यासाठी पुष्कळदा काठीला बांधलेला फोनचा कॅमेरा पुरतो. जायचंच असेल, तर छत कशाचं आहे ते नीट पाहा. जुने सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे किंवा फायबरचे पत्रे यांच्यावर कधीही पाय देऊ नका. उन्हापावसाने ते ठिसूळ होतात, वरून रंग मारला असेल तर ओळखूही येत नाहीत, आणि आधी करकर वगैरे काही न होता एकदम फुटतात. बोल्टच्या ओळीवरून चाललं की पत्रा पेलतो, असा एक समज आहे. तो घातक आहे, कारण तोल जरा गेला की पाऊल ओळीबाहेर पडतं. इथे जगातला कुठलाही बूट उपयोगाचा नाही. काम खालून करता येतं का बघा, नाहीतर आधारावर नीट टेकणाऱ्या भक्कम फळ्या आणि सुरक्षेची साधनं असलेल्या जाणकारांकडे सोपवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, असू शकतात. तो कापू नका, फोडू नका, कोरडा घासू नका.

मग दिवस आणि वेळ. दव असताना रंगीत पत्रा काचेसारखा होतो. भर उन्हात तोच पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही, आणि घसरताना हात टेकता येणं फार महत्त्वाचं असतं. दव सुकल्यावर आणि पत्रा तापण्याआधी जो वेळ मिळतो तोच कामाचा. वारा सुटला असेल तर काम पुढे ढकला. हातातला सुटा पत्रा शिडासारखा फुगून माणसाला ओढून नेतो.

2. बूट निवडा

सोल मऊ रबराचा हवा. अंगठ्याचं नख रोवून बघा: थोडं रुतून रबर परत वर आलं तर चांगलं, नख नुसतं घसरलं तर तो बूट छतासाठी नाही. सोलची नक्षी बारीक आणि जवळजवळ सपाट असावी. डोंगर चढण्याच्या बुटांना खोल खाचा असतात, त्या चिखलात उपयोगी पडतात. गुळगुळीत पत्र्यावर मात्र त्या नक्षीची फक्त टोकं टेकतात, आणि खाचांत अडकलेले खडे छऱ्यांसारखे पायाखाली फिरतात.

बूट चवड्याजवळ सहज वाकला पाहिजे. उतारावर पूर्ण पाऊल टेकलं तरच पकड मिळते, आणि जाड, कडक सोलमधून कौलाची कड किंवा खिळ्याचं डोकं पायाला कळत नाही. टाच थोडीशी असू द्या, शिडीच्या पायरीवर ती आधार देते. उंच टाच कडेला अडकते. घोटा झाकणारा बूट मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण उतारावर पाऊल सतत एका बाजूला कलतं. नाडी घट्ट बांधून तिची टोकं आत खोचा. बूट घालून उताराच्या खालच्या दिशेला तोंड करून उभे राहा. बोटं पुढे आपटली तर माप चुकलं.

चपला, स्लिपर, चामडी सोलचे बूट आणि पायात ढिले होणारे गमबूट बाद. जाड फोमचे धावण्याचे बूटही नकोत, फोम एका बाजूला दबला की घोटा वळतो. अनवाणी पायाला पकड चांगली मिळते, असं म्हणणारे आहेत. कोरड्या छतावर मिळतेही, पण एक खिळा टोचला किंवा पाय पोळला की माणूस दचकतो, आणि वर असताना दचकणंच महागात पडतं.

जुना बूट नव्यासारखा दिसतो म्हणून फसू नका. रबर वर्षांगणिक कडक होतं. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे सोल तर नुसते खोक्यात ठेवले तरी काही वर्षांनी भुगा होऊन सुटतात.

सेफ्टी शूज घेत असाल तर आयएसओ 20345 हे मानक पाहा. त्यात पायाच्या बोटांवरची कडक टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते. 2022 च्या आवृत्तीत घसरण्याविरुद्धच्या जादा चाचणीसाठी ‘एसआर’ आणि शिडीवरच्या पकडीसाठी ‘एलजी’ अशी खूण असते. आधीच्या आवृत्तीच्या बुटांवर ‘एसआरसी’ दिसेल. पण घसरण्याची चाचणी आडव्या, ओल्या फरशीवर होते, उतरत्या छतावर नाही. म्हणून घरी ही एक परीक्षा करा. 1 मीटर लांबीच्या फळीवर तुमच्या छतासारख्या पत्र्याचा तुकडा बसवा, त्यावर वजन भरलेला बूट ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. टोक 34 सेंटीमीटर वर गेलं की उतार 20 अंशांचा, 50 सेंटीमीटरला 30 अंशांचा. आधी कोरड्या आणि मग ओल्या पत्र्यावर बूट कुठे सुटतो ते मोजा. तुमच्या छताच्या उताराच्या आसपासच सुटत असेल तर तो बूट नको. चालणाऱ्या पायाला झटके बसतात, त्यामुळे अंतर भरपूर राखावं लागतं. शेवाळ असेल तर मात्र या परीक्षेला अर्थ नाही. आधी शेवाळ काढा आणि छत पूर्ण वाळू द्या.

हे बूट फक्त छतासाठी ठेवा. शिडीला पाय लावण्याआधी सोल पुसा.

3. शिडी लावा

शिडी जितकी वर टेकते त्याच्या चौथा भाग पाया बाहेर हवा: 4 मीटरवर टेकली तर पाया 1 मीटर दूर. वरचं टोक छताच्या कडेपासून सुमारे 1 मीटर उंच असू द्या आणि तिथे बांधा. पन्हळीवर शिडीचा भार टाकू नका. जवळ विजेच्या तारा असतील तर ॲल्युमिनियमची शिडी तिकडे नेऊच नका. हत्यारं पिशवीत घालून दोराने वर ओढा, चढताना दोन्ही हात मोकळे हवेत.

4. दोर बांधा

बूट कितीही चांगला असो, पाय कधीतरी सुटतो. कमरेला गुंडाळलेला दोर पोटाला आणि मणक्याला इजा करतो. पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांभोवती बसणारे पट्टे. आता एक हिशेब बघा, हा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 2 मीटरचा दोर, झटका शोषणारी पट्टी उलगडून साधारण पावणेदोन मीटर, हार्नेसच्या कडीपासून पावलापर्यंत दीड मीटर आणि वर 1 मीटर राखीव. म्हणजे दोर जिथे अडकवला तिथून खाली 6 मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. बैठ्या घराला एवढी उंचीच नसते, दोर ताणला जाण्याआधी माणूस जमिनीवर असतो. म्हणून अशा घरावर दोर इतका आखूड ठेवा की कडेपर्यंत पोचताच येऊ नये. तो छताच्या मुख्य, भक्कम सांगाड्याला अडकवा. अँटेना, पाइप, टाकीचा कठडा चालणार नाही. अडकवण्याची जागा सरळ वर असू द्या, नाहीतर पडताना माणूस लंबकासारखा भिंतीवर आदळतो.

खाली एक माणूस हवाच. हार्नेसमध्ये लटकलेल्याची प्रकृती काही मिनिटांत बिघडू शकते, त्यामुळे त्याला कसं उतरवायचं हे आधी ठरवून घ्या.

5. चाला, आणि उतरा

धातूच्या पत्र्यावर स्क्रूच्या ओळी धरून चाला, कारण त्यांच्याखाली आधार असतो. कौलांवर छताची शिडी आढ्यावर, म्हणजे छताच्या माथ्यावर, अडकवून तिच्यावरून जा. ती नसेल तर पाऊल कौलाच्या खालच्या, एकावर एक चढलेल्या भागावर ठेवा. उलटं चालू नका. काम करता करता मागे सरकणाऱ्याला कड दिसत नाही.

सर्वांत नाजूक वेळ छतावरून शिडीवर येण्याची. पाय थकलेले असतात आणि सोलला धूळ लागलेली असते. तिथे थांबा, सोल पुन्हा पुसा, खालच्या माणसाला शिडी धरायला सांगा. तोंड शिडीकडे करा, आणि दोन्ही पाय पायरीवर, दोन्ही हात शिडीवर येईपर्यंत दोराचा हुक काढू नका. मग एकाच हाताने तो सोडवा.