महाराष्ट्र शिकवताना आंतरजालावरील साधने कशी वापरावीत

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करावी. राज्याच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ, वाचता येतात. त्यांतील नद्या, बाजारपेठा आणि लोकजीवन यांवरची दोन-तीन पानेच निवडावीत व जुनी आकडेवारी आजची समजली जाऊ नये म्हणून प्रकाशनवर्ष फळ्यावर ठळक लिहावे. १ मे १९६० रोजी राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. जुना नकाशा आणि इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावरील नकाशा शेजारी ठेवून मुलांनाच नवे जिल्हे शोधू द्यावेत. शंका आल्यास मराठी विश्वकोश पाहावा. लोकजीवन मात्र केवळ वाचून कळत नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरील संग्रहाच्या संकेतस्थळावरील जात्यावरच्या ओव्या ऐकवाव्यात आणि घरच्या आजीला येणारी ओवी मुलांना लिहून आणण्यास सांगावे.