हवा सुधारली की नोंदी गळल्या? शहराच्या हवेचा सरकारी दावा आकडेवारीतून कसा तपासावा

‘शहरातील प्रदूषणात इतक्या टक्क्यांनी घट’ अशा मथळ्याची बातमी वर्षातून एकदा तरी आपल्या वाचनात येते. बहुतेक वेळा ती महापालिकेच्या प्रसिद्धिपत्रकावरून तयार झालेली असते आणि तिच्यातली टक्केवारी कोणत्या केंद्रांवरून, किती दिवसांच्या नोंदींवरून काढली, हे बातमीत कुठेच नसते. हा दावा पडताळण्यासाठी लागणारी आकडेवारी बव्हंशी सार्वजनिक आहे आणि साधी स्प्रेडशीट वापरता येणाऱ्या कोणत्याही बातमीदाराला ती तपासता येते. अडचण गणिताची नाही. कोणता आकडा नेमके काय मोजतो हे आधी ठरवून न घेतल्यामुळे गोंधळ होतो.

म्हणून सुरुवात उद्दिष्टापासून करावी. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकणांत २० ते ३० टक्के घट करण्याचे ठरले होते. पुढे हे लक्ष्य २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे करण्यात आले. देशातील सुमारे १३० शहरे या कक्षेत असून त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, कोल्हापूर यांच्यासह महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत. येथे एक बारकावा आहे आणि तो सगळ्या तपासाला दिशा देतो: शहरांची प्रगती मोजताना पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे, जाडसर धुळीसह सर्व धूलिकण धरले जातात. फुप्फुसात खोलवर जाणारे, ज्वलनातून अधिक निर्माण होणारे बारीक कण म्हणजे पीएम २.५ त्या हिशेबात वेगळे मोजले जात नाहीत. साहजिकच रस्ते झाडणारी यंत्रे, पाणी फवारणारे टँकर आणि रस्त्यांचे काँक्रीटीकरण यांकडे पैसा वळतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यावरील धुळीवर आणि एक टक्क्याहूनही कमी निधी उद्योगांच्या प्रदूषणावर खर्च झाल्याचे दिसले. त्यामुळे आपल्या शहराचा आकडा पाहताना पहिला प्रश्न ‘घट किती?’ हा नसून ‘घट कशात?’ हा असावा.

दुसरी गोष्ट, हवा गुणवत्ता निर्देशांकाची सरासरी काढू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज दुपारी चार वाजता जो निर्देशांक जाहीर करते, तो मागील २४ तासांतील सर्वांत वाईट ठरलेल्या एका प्रदूषकावरून निश्चित होतो. सोमवारी तो पीएम २.५ मुळे ठरलेला असेल आणि मंगळवारी ओझोनमुळे, तर दोन्हींची बेरीज करून दोनाने भागण्यात काही अर्थ उरत नाही. शिवाय श्रेण्यांची नावे फसवी आहेत. पीएम १० चे २४ तासांचे भारतीय मानक घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, परंतु हे प्रमाण २५० पर्यंत, म्हणजे मानकाच्या अडीच पट गेले तरी निर्देशांक २०० वर थांबतो आणि हवा ‘मध्यम’ श्रेणीतच राहते. तेव्हा निर्देशांक वाचकांना दाखवावा, पण तपास मूळ प्रमाणावरच करावा.

आता प्रत्यक्ष काम. मंडळाच्या संकेतस्थळावरून एकेका स्वयंचलित केंद्राची २४ तासांची सरासरी, पायाभूत वर्षापासून (म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करायची त्यापासून) आजपर्यंत, उतरवून घ्यावी. केंद्र जुने नसेल तर तुलना ज्या वर्षापासून शक्य आहे तिथूनच करावी आणि तसे बातमीत लिहावे. काही शहरांची पायाभूत वर्षाची आकडेवारी हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांची असते. तिथे आठवड्यातून दोन दिवस मोजणी होते आणि वार्षिक सरासरीसाठी वर्षाला किमान १०४ नोंदी आवश्यक मानल्या आहेत. अशा केंद्राचा आकडा एका बाजूला आणि रोज मोजणाऱ्या यंत्राचा दुसऱ्या बाजूला ठेवून टक्केवारी काढली असेल, तर ती बातमी तिथेच अडते. मूळ फाईलला कधीही हात लावू नये. तिची प्रत काढून त्या प्रतीवर काम करावे आणि केलेला प्रत्येक बदल वेगळ्या पानावर तारखेसह लिहून ठेवावा.

फाईल उघडली की लगेच सरासरी काढण्याचा मोह होतो. त्याआधी रकाना वरून खालपर्यंत नजरेने वाचावा. मी सुरुवातीच्या काळात हा कंटाळा केला आणि रिकाम्या घरांत शून्य भरून बसलो. त्यामुळे शहरातील हवा पाच वर्षांत अचानक हिल स्टेशनसारखी झाल्याचे दिसू लागले आणि मथळाही सुचला. संपादकांनी फक्त ‘डिसेंबरात शून्य धूळ?’ एवढे विचारले आणि पान परत केले. रिकामे घर म्हणजे शून्य नव्हे, ती नोंदच नव्हे. तसेच तासातासाच्या नोंदी पाहताना एकच आकडा सलग दहा-बारा तास दशांशासह तसाच राहिला असेल तर यंत्र अडकले असण्याची शक्यता असते, आणि पीएम २.५ चे प्रमाण पीएम १० पेक्षा जास्त दिसत असेल तर काहीतरी बिनसले आहे हे नक्की, कारण पहिले हे दुसऱ्यातच सामावलेले असते.

गळलेल्या नोंदी का महत्त्वाच्या, हे एका काल्पनिक केंद्रावरून पाहू. समजा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांत तेथे पीएम १० ची सरासरी १५० आहे आणि उरलेल्या २४५ दिवसांत ८० आहे. सर्व दिवस मोजले तर वार्षिक सरासरी १०३ येते. पुढच्या वर्षी हवा तंतोतंत तशीच राहिली, मात्र हिवाळ्यातील ६० दिवस यंत्र बंद पडले. आता सरासरी ९४ येते. धूळ कणभरही कमी झालेली नाही, तरी कागदावर सुमारे ९ टक्के सुधारणा झाली. यावर उपाय सोपा आहे: पिव्हट टेबलमध्ये (स्प्रेडशीटमधील गटवार सारांश काढण्याची सोय) महिनावार सरासरी काढावी, शेजारच्या रकान्यात त्या महिन्यातील उपलब्ध दिवसांची संख्या घ्यावी आणि मग बारा महिन्यांची सरासरी काढावी. ज्या महिन्यात निम्म्याहून कमी दिवस उपलब्ध असतील तो महिना तुलनेतून दोन्ही वर्षांसाठी वगळावा. माझ्या मते दिवसांच्या संख्येचा हा रकाना सरासरीच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा असतो, कारण खरी बातमी कधीकधी त्यातच दडलेली असते.

केंद्रांच्या संख्येतही अशीच मेख असते. गेल्या काही वर्षांत मुंबईतील केंद्रे कितीतरी वाढली. नवे केंद्र झाडी असलेल्या भागात बसले तर शहराची सरासरी खाली येते आणि कारखान्यांजवळ बसले तर वर जाते. दोन्ही वर्षी चालू असलेल्या केंद्रांचीच तुलना करावी. हवामानालाही विसरू नये. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा विलक्षण बिघडली, तेव्हा सलग तीन वर्षे टिकलेला ला निना (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याची स्थिती) आणि मंदावलेले वारे हे त्याचे एक कारण असल्याचे शास्त्रज्ञांनी मांडले होते. म्हणजे अशा वर्षाशी तुलना केल्यास पुढचे कोणतेही वर्ष सुधारलेलेच दिसणार. टाळेबंदीचे २०२० हे सालही असेच अपवादात्मक असल्यामुळे बाजूला ठेवावे.

आकडे जुळले की रस्त्यावर जावे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली जाहीर केली. उंच इमारतींच्या कामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावणे आणि राडारोड्याची वाहने झाकून नेणे ही त्यातली ठळक कलमे होती. एका वॉर्डातील २० बांधकामे निवडून दोन दिवसांत वही घेऊन फिरता येते: पत्रे किती उंच आहेत, फाटकाशी ट्रकची चाके धुतली जातात का, ताडपत्री बांधली आहे का. निवड मात्र परवानग्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून करावी. वाटेत दिसली ती वाईट बांधकामे टिपली तर तो निष्कर्ष टिकणार नाही.

जे संकेतस्थळावर नाही ते माहिती अधिकारात मागावे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, म्हणून ‘प्रदूषणाबाबत सर्व माहिती’ असे न लिहिता ‘अमुक केंद्राच्या देखभालीची व अंशांकनाची (यंत्राची मोजणी अचूक आहे का, हे तपासून जुळवण्याची) नोंदवही, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे लिहावे आणि उपलब्ध असल्यास संगणकीय स्वरूपात द्यावी, असे नमूद करावे. कार्यालयात जाऊन अभिलेखांचे अवलोकन करण्याचाही अधिकार कायद्यात आहे आणि मला तो छायाप्रतींपेक्षा अधिक उपयोगी वाटतो, कारण फाईलच्या समासातल्या टिपण्या तेथेच दिसतात. पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. लागोपाठचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. मजकूर शब्दशः तोच आढळला तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

हवामान धोरणाच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावता येते. विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची असणे आणि निम्मी वीज त्यांपासून मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला ढोबळमानाने १५ लाख युनिट वीज देतो. तितक्याच क्षमतेचा औष्णिक संच ७० टक्के भारांकाने, म्हणजे वर्षभरातील कमाल शक्य निर्मितीच्या ७० टक्के इतका, चालला तर सुमारे ६१ लाख युनिट देतो. म्हणून क्षमतेच्या मेगावॉटसोबत निर्मितीची युनिटे मागावीत. ती केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मासिक अहवालांत असतात.

छापण्यापूर्वी स्प्रेडशीट, पद्धत आणि निष्कर्ष संबंधित विभागाला पाठवावेत आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी. अधिकाऱ्यांनी चूक दाखवली तर ती प्रसिद्धीआधी सापडते. ‘यंत्र देखभालीसाठी बंद होते’ असे उत्तर आले तर देखभालीची नोंदवही आपल्या हातात हवी. मथळा मोजलेल्या गोष्टीपुरताच असावा. ‘प्रदूषण घटल्याचा दावा खोटा’ असे लिहिण्यापेक्षा ‘घट दाखवलेल्या वर्षी हिवाळ्यातील ६० दिवसांच्या नोंदीच नाहीत’ असे लिहावे आणि खाली महिनावार तक्ता द्यावा.