शंभर फायली एकदम हलवताय? आधी या चुका टाळा

एक फाइल चुकीच्या जागी गेली तर दोन मिनिटांत कळतं. चारशे फायली चुकीच्या नावाने चढल्या, तर पहिला आठवडा सगळं आलबेल दिसतं. मग कुणीतरी विचारतं, "इन्स्टॉलेशनच्या पानावरची चित्रं गेली कुठे?" आणि शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा. माझे असे दोन गेलेत. विकी असो, कॉन्फ्लुएन्स-शेअरपॉइंटसारखी टीमची पानं आणि फायली ठेवायची साइट असो नाहीतर प्रोग्रॅमरांचं गिटहब, डॉक्युमेंटेशनच्या फायलींचं घाऊक काम काढलं की त्याच त्या चुका होतात.

नाव म्हणजे लेबल, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपल्या लेखी फाइलचं नाव हे लेबल असतं, पण साइटच्या लेखी तो पत्ता असतो. दुसरीकडच्या दहा पानांनी तोच पत्ता धरून ठेवलेला असतो.

नेहमीचा घोळ कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा. विंडोजला 'लोगो' कॅपिटल 'एल'ने लिहिलाय की स्मॉलने, याचं काही देणंघेणं नाही. मॅकचंही नेहमीच्या सेटिंगमध्ये तेच. लिनक्सच्या सर्व्हरला मात्र त्या दोन वेगळ्या फायली वाटतात. त्यामुळे लॅपटॉपवर झकास दिसणारं पान साइटवर चढलं की चित्र गायब. दुरुस्तीतही मेख आहे. फक्त कॅपिटलचं स्मॉल केलं तर विंडोज किंवा मॅकवरच्या गिटला (फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाला) बदल झाल्याचा पत्ताच लागत नाही, असं बरेचदा होतं. आधी भलतंच नाव द्या, कमिट करा (म्हणजे बदलाची नोंद करा), मग हवं ते नाव द्या. वेडगळ वाटतं, पण चालतं.

आता देवनागरी नावं. मी त्यांच्या विरोधात नाही, पण हिशेब माहीत असलेला बरा. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर दिसतं. संगणकासाठी ती सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे 18. वेब पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं होतात, म्हणजे 54 अक्षरं! लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण 255 बाइटची मर्यादा असते. म्हणजे देवनागरीची जेमतेम 85 चिन्हं, आणि त्यात मात्रा, अनुस्वार सगळं आलं. 'ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण करण्याची सुधारित कार्यपद्धती अंतिम' असल्या नावाला आणखी तीन-चार शब्द जोडायचा अवकाश, की फाइल अडकली.

याहून खट्याळ आहे तो 'दुसऱ्या'मधला ऱ. तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो: थेट ऱ हे चिन्ह घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र आणि हलन्त यांच्यामागे न दिसणारा जोडक टाकून. तिन्ही बहुतेक ठिकाणी सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात एक होतात, तिसरा होत नाही. शोधात फाइल सापडत नाही, लिंक तुटते, आणि नाव डोळ्यांसमोर अगदी बरोबर असतं. मी एकदा तासभर अशा नावाकडे बघत बसलो होतो. शेवटी जुनं नाव कॉपी करून लिंकमध्ये चिकटवलं तेव्हा उघडलं. तेव्हापासून मी फाइलचं नाव रोमन लिपीत, आखूड आणि जागा न सोडता ठेवतो. पानाचं शीर्षक मराठीत मनासारखं लिहितो.

शेअरपॉइंटवर नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन चालत नाही. 'प्रश्न: लॉगिन कसं करायचं?' हे नाव त्यामुळे दोनदा नापास. शिवाय फोल्डरांसकट पूर्ण मार्ग 400 अक्षरांत बसावा लागतो. फोल्डरात फोल्डर कोंबणाऱ्यांना ही भिंत अचानक लागते.

वेगवेगळे फोल्डर, एकच 'स्क्रीनशॉट-1'

आपल्याकडे बारा फोल्डर असतात आणि प्रत्येकात 'स्क्रीनशॉट-1'. आता हे सगळं एकत्र चढवलं तर? साइटनुसार उत्तर बदलतं. कॉन्फ्लुएन्समध्ये एकाच पानाला त्याच नावाची फाइल जोडली की ती जुन्या फाइलची नवी आवृत्ती ठरते. गूगल ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात. मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) सगळ्या फायलींची एकच मोठी खोली, फोल्डर नाहीतच. म्हणून चढवण्याआधीच फोल्डरचं नाव फाइलच्या नावाला जोडून टाका. आकडेही 001, 002 असे द्या, नाहीतर कितीतरी याद्यांत 1 नंतर 10 येतो आणि 2 बिचारा मागे राहतो.

नावं बदलायची यादी एक्सेलमध्ये करत असाल तर जपून. 001 चा 1 होतो, 3-2 ची तारीख होते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीची रांगोळीही होऊ शकते. डेटा आयात करा आणि कॉलम 'मजकूर' म्हणून निवडा.

'सगळे निवडा' म्हणजे सगळे नव्हे

बरेचदा ती खूण फक्त समोर दिसणाऱ्या पानापुरती असते. उलटही होतं: गाळणी (फिल्टर) लावलेली विसरतो आणि भलत्याच फायली निवडल्या जातात. बटण दाबण्याआधी निवडलेला आकडा वाचा. हवा त्याहून एकाने जरी वेगळा असला तरी थांबा.

चाचणी सोप्या फायलींवर घेणं

पहिल्या पाच फायली चढल्या म्हणून उरलेल्या चढतील असं नाही. मी मुद्दाम सगळ्यात वांड पाच निवडतो: सर्वांत लांब नावाची, सर्वांत जड, देवनागरी नावाची, नावात जागा असलेली आणि खूप पानांनी लिंक केलेली. आरसिंक या फायली नेणाऱ्या आज्ञेने काम करत असाल तर 'ड्राय-रन' पर्याय आहे. तो काय होईल ते सांगतो, करत काही नाही.

अपलोड मध्येच थांबलं तर आधी वजन बघा. गिटहबवर ब्राउझरमधून 25 एमबीच्या वरची फाइल चढत नाही, आणि गिटने ढकललं तरी 100 एमबीच्या वरची अडवली जाते. 429 हा त्रुटीचा आकडा दिसला तर आपण फार भराभर विनंत्या पाठवतोय. वेग कमी करा. सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवू नका, नाहीतर अर्ध्या फायली दुहेरी होतील. काय चढलं त्याची यादी काढा आणि उरलेलंच पाठवा.

हलवल्यावर मागे वळून न पाहणं

मीडियाविकीत पान हलवलं की जुन्या नावावर पुनर्निर्देशन (नव्या पत्त्याकडे नेणारी पाटी) आपोआप राहू शकतं. सगळीकडे ही सोय असतेच असं नाही. फोल्डर बदलला की कितीतरी ठिकाणी परवानग्याही नव्या फोल्डरच्या लागू होतात. आतल्या टीमपुरता मसुदा सगळ्यांना दिसायला लागतो, तो असा. आपल्या खात्यातून तपासून हे कळत नाही. लॉगआउट करून बघा. आणि हो, कॉन्फ्लुएन्समध्ये पानावर लक्ष ठेवणाऱ्यांना (वॉचर्सना) ईमेलने कळवायची खूण काढायला विसरू नका. तीनशे ईमेल मिळालेले सहकारी बरेच दिवस बोलत नाहीत.

कचरापेटीच्या भरवशावर पुसणं

गूगल ड्राइव्हची कचरापेटी 30 दिवसांनी रिकामी होते, शेअरपॉइंटची 93 दिवसांनी. वर्षातून एकदाच लागणारी फाइल नेमकी त्यानंतर आठवते. म्हणून घाऊक पुसण्याआधी 'पुसायचं आहे' अशा फोल्डरात सगळं महिना-दोन महिने पडू द्या.

गिटमध्ये नेमकं उलटं दुखणं. तिथे पुसलेली फाइल इतिहासात तशीच राहते. चारशे फायलींबरोबर पासवर्ड असलेली एखादी सेटिंगची फाइल चढली, तर ती पुसत बसण्याआधी पासवर्ड बदला.