आधी रोजकीर्द, मग खतावणी

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर मी हिशेब लिहिते. राहायला ठाण्यात. त्यामुळे माझं सगळं वाचन ट्रान्स हार्बरच्या लोकल गाडीत होतं, आणि तेही खिडकी मिळाली तर. मनाविषयीच्या पुस्तकांचा मला नाद आहे. आजारांची ओळख करून देणारी पुस्तकं, डॉक्टरांचे अनुभव, आतून पोखरलेल्या माणसांच्या कादंबऱ्या, काहीही चालतं. पूर्वी असं पुस्तक चार दिवसांत संपवून मी सगळ्यांना ‘जबरदस्त आहे, वाचाच’ म्हणायचे. महिन्याभराने कुणी विचारलं की कव्हरचा रंग तेवढा आठवायचा.

मग वही घातली. पद्धत पेढीवरचीच: आधी नोंद, मग ती खात्यांवर चढवणं. आधी रोजकीर्द, मग खतावणी.

रोजकीर्द म्हणजे घडलं तसं, घडलं तेव्हा. कोपरखैरणे सुटलं की मी पुस्तक मिटते आणि तुर्भे येईपर्यंत जेवढं होईल तेवढंच लिहिते. तारीख, स्टेशन, पान नंबर, कुठे अडले आणि अडले तेव्हा काय आठवलं. एवढंच. ‘विचार करायला लावणारं’, ‘अंतर्मुख करणारं’ असले शब्द वहीत बंद. ते ‘किरकोळ खर्च’ लिहिण्यासारखं आहे, ऑडिटवाला विचारणारच, कसला खर्च? अक्षर गाडीत वाकडं येतं, येऊ द्या. सुवाच्य लिहायला बसलात की माणूस शहाण्यासारखं लिहायला लागतो.

एक नोंद दाखवते. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी छळछावणीतल्या दिवसांवर लिहिलेलं पुस्तक वाचत होते. पहाटेच्या अंधारात कैद्यांना कामावर हाकत नेतायत, थंडीने पाय सोललेत, आणि फ्रँकल मनात बायकोशी बोलतायत. ती जिवंत आहे की नाही हेही त्यांना माहीत नाही. माझी नोंद अशी: ‘ऐरोली. बायकोचा चेहरा. बाबांच्या चपला.’ बस्स. छळछावणीचा आणि आमच्या दारातल्या चपलांचा काय संबंध, हे त्या वेळी मलाही कळलं नव्हतं. शोधायचंही नाही. ते काम खतावणीचं.

खतावणीला मी पंधरा दिवसांनी, रविवारी बसते. प्रत्येक नोंद तीनपैकी एका किंवा जास्त खात्यांवर टाकायची: पुस्तकाचं, माझं आणि परक्याचं. वरची नोंद फुटली ती अशी. पुस्तकाच्या खात्यावर: माणूस समोर नसला तरी त्याच्याशी बोलणं थांबत नाही, असं फ्रँकल म्हणतात. माझ्या खात्यावर: बाबा गेल्यावर आईने त्यांच्या चपला तीन महिने दारातून हलवल्या नाहीत आणि मी तिच्यावर चिडत होते. ती नोंद झाल्यावर आईला फोन केला. चपलांचा विषय काढला नाही, नुसत्याच गप्पा मारल्या.

जाता जाता: ते पुस्तक १९४५ मध्ये नऊ दिवसांत लिहून झालं आणि फ्रँकलना ते नाव न घालता छापायचं होतं. तुमच्या वहीवर तर नाव नकोच. घरात कुठेही पडली तरी चालेल असं काहीतरी वर लिहा. माझ्या वहीवर ‘दूध हिशेब’ आहे.

परक्याचं खातं सगळ्यात धोक्याचं. एक लक्षणांचं पुस्तक वाचताना मला एका परिच्छेदात मोठे भाऊजी हुबेहूब दिसले. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘सेम मोठे भाऊजी!’ पुस्तक लायब्ररीचं, कार्ड घरातलं, आणि पुढच्याच आठवड्यात जाऊबाईंनी तेच पुस्तक आणलं. परत करायला ते माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या ओळीखाली त्यांच्या गोलसर अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आणि धाकटे?’ आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. ओळी मात्र मी खोडरबराने पुसून टाकल्या. तेव्हापासून माझा नियम: परक्याच्या खात्यावर आजाराचं नाव लिहायचं नाही. माणूस काय करतो ते लिहायचं. ‘भाऊजी जेवताना कुणाचं ऐकून घेत नाहीत’ ही नोंद झाली. पुढचं नाव डॉक्टरांनी द्यावं.

‘हे तर अगदी माझंच’ असं वाटलं तर जास्त सावध व्हा. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचा अहवाल’ म्हणून एकच मजकूर वाटला, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी तो किती जुळतो याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! म्हणून माझ्या खात्यावर काही टाकण्याआधी मी त्या वाक्यात शेजारच्या काकूंचं नाव घालून बघते. त्यांनाही तेवढंच लागू पडलं तर खोडते. निम्म्या नोंदी इथेच उडतात.

वहीचं डावं पान कोरं ठेवा. शास्त्रही बदलतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचं विचारांच्या दोन गतींवरचं पुस्तक २०११ चं. त्यातल्या एका प्रकरणात आपण अपुऱ्या प्रयोगांवर फार भरवसा ठेवला, हे त्यांनी स्वतःच २०१७ मध्ये कबूल केलं. त्याच प्रकरणावर मी दोन पानं भरभरून लिहिलेली होती. डाव्या पानावर लाल शाईने दुरुस्ती घातली. उजवीकडचं मात्र खोडलं नाही, कारण मी तेव्हा थक्क झाले होते हे खरंच आहे.

आणि एखादं पुस्तक वाचताना झोप उडाली, पोटात गोळा राहिला, तर मिटून ठेवा. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला कुणी दंड लावत नाही. तरीही ते ओझं उतरलं नाही तर वहीवर भागवू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो.

काही नोंदी मात्र कुठल्याच खात्यावर बसत नाहीत. माझ्याकडे एक आहे: ‘घणसोली. पान ११२. शिवणयंत्राचा आवाज. रडू आलं.’ आमच्या घरात शिवणयंत्र कधीच नव्हतं. पेढीवर मार्चअखेर सस्पेन्सला, म्हणजे कुठलं खातं ते न ठरलेल्या रकमांच्या खात्यावर, रुपया ठेवला तरी शेठ हैराण करतात. ही नोंद मी यंदाही नव्या वहीत पुढे ओढली.