पोरगं चांगलं खेळतंय पण कॉलेजवाले विचारत नाहीत? मग हे वाचा

अमेरिकेतल्या मराठी घरांमधली पोरं आता हेल्मेटवालं फुटबॉल खेळायला लागलीयत, टेक्सासमध्ये तर जरा जास्तच, आणि ज्युनियर इयर (अकरावी) संपत आलं की आईबाबांचा ठरलेला प्रश्न येतो, की अहो स्टार्टर (मॅच सुरू करणाऱ्या टीममधला) आहे, कोच पण कौतुक करतात, मग कॉलेजकडून काहीच कसं येत नाही? दरवेळी पोरगं कमी पडतंय असं नसतं. बऱ्याचदा ज्याने बघायला हवं त्याने त्याला बघितलेलंच नसतं, किंवा बघितलं तोवर त्या पोझिशनची जागा भरलेली असते. आणि हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी गणित बघा. देशभरात दहा लाखांवर मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात, त्यातली शंभरात सातच्या आसपास एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची संघटना) कुठल्या तरी लेव्हलला पोचतात. सगळ्यात वरचं एफबीएस (डिव्हिजन वनचा वरचा गट), तिथे २०२५ च्या सीझनला १३६ कॉलेजं होती. एवढी पोरं एकेक करून बघायला कुठल्याच स्टाफला वेळ नाही, म्हणून मग शॉर्टकट घेतात, शाळा मोठी आहे का, रेटिंगवाल्यांनी दिलेले स्टार किती, दुसऱ्या कुणी ऑफर दिलीय का. स्टारचं तर फारच मनावर घेऊ नका. २४७स्पोर्ट्सवाले (खेळाडूंना रेटिंग देणारी साइट) फाइव्ह स्टार साधारण ३२ जणांनाच देतात, कारण एनएफएल ड्राफ्टच्या (प्रो टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या) पहिल्या राउंडचे पिक, म्हणजे निवडी, ३२, आणि ज्याला रेटिंगवाल्यांनी बघितलंच नाही त्याला शून्य स्टार असतात. शून्य स्टार म्हणजे नापास नाही, पेपर तपासलाच नाही.

आता पहिलं काम, तुमच्या पोराला कोणत्या कारणाने मिस करतायत ते शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो.

कॅम वॉर्ड या क्वार्टरबॅकचं (पास टाकणाऱ्याचं) उदाहरण घ्या. ह्यूस्टनच्या खालच्या बाजूला वेस्ट कोलंबिया नावाचं गाव आहे, तिथल्या हायस्कूलची टीम विंग-टी खेळायची, म्हणजे बॉल हातात द्यायचा आणि पळायचं, पास अगदी कमी. आता क्वार्टरबॅकने पासच टाकले नाहीत तर फिल्ममध्ये दिसणार काय? मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड कॉलेजने घेतलं, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पठ्ठ्या पहिला पिक. इथे अडचण पोराची नव्हती, सिस्टमची होती. तुमच्या घरी असाच प्रकार असेल, म्हणजे रिसीव्हर (पास झेलणारा) आहे पण टीम पासच टाकत नाही, तर गेम फिल्मवर विसंबून चालणार नाही, कॉलेजांच्या कॅम्पमध्ये आणि सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये (सात-सात जणांच्या नुसत्या पासिंगच्या मॅचमध्ये) दाखवावं लागेल, आणि तिथले व्हिडिओ वेगळे काढून ठेवावे लागतील.

दुसरं कारण म्हणजे उशिरा भरलेलं अंग. क्वार्टरबॅक जॉश ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीवाल्या गावातला, हायस्कूलमध्ये काटकुळा, एफबीएसची एकही ऑफर नाही. रीडली नावाच्या ज्युनियर (दोन वर्षांच्या) कॉलेजमध्ये गेला, तिथे उंची-वजन वाढलं, मग स्वतः बसून ढिगाने कोचेसना ईमेल टाकले आणि वायोमिंगने घेतलं. २०१८ ला सातवा पिक, २०२४ च्या सीझनचा एनएफएलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). तुमचा मुलगा सोळाव्या वर्षी बारीक आहे आणि बाबा, मामा सगळे सहा फुटी आहेत, तर दर तीन महिन्यांनी उंची-वजन लिहून ठेवा आणि कोचला मेल करताना वाढ कळवा. वाढणारं पोर कोचना आवडतं.

तिसरं, चुकीची पोझिशन. हायस्कूलचा कोच टीमची गरज बघतो, तुमच्या पोराचं भविष्य नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनला टाइट एंड (ऑफेन्सचा खेळाडू) म्हणून गेला होता, तिथून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारा) झाला, डिफेन्सला खेळला आणि पुढे तीनदा एनएफएलचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेयर. तेव्हा कोचला सरळ विचारा की कॉलेजमध्ये हा कुठे खेळेल असं तुम्हाला वाटतं, आणि कुठल्या लेव्हलला. आपले लोक हा प्रश्न विचारतच नाहीत, पॅरेंट-टीचर मीटिंगला गणिताच्या मार्कांवर अर्धा तास बोलतील पण कोचसमोर नुसतं थँक्यू म्हणून निघतील. विचारा. उत्तर कदाचित आवडणार नाही, पण पुढची दोन वर्षं वाचतील.

लेव्हल ठरवायची सोपी पद्धत: कॉलेजच्या वेबसाइटवर रोस्टर (टीमच्या खेळाडूंची यादी) असतं, आपल्या पोझिशनचे फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) बघा, उंची किती, वजन किती, कुठल्या शाळेतून आले. तुमचा लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधल्या फळीतला) सहा फूट एक इंच आणि २०५ पाउंड असेल आणि त्या रोस्टरवर सगळे २२५ च्या वर असतील तर तिथे दार ठोठावत बसण्यात वेळ जातो. एफसीएस (डिव्हिजन वनचा खालचा गट) आणि डिव्हिजन टू बघा. त्याच रोस्टरवर हेही दिसतं की त्या पोझिशनचे सीनियर (शेवटच्या वर्षाचे) किती जाणार, म्हणजे जागा किती होणार.

मग फिल्म. हडल या व्हिडिओ साइटवर सगळ्यांचीच असते पण निम्म्या फिल्म कोच वीस-तीस सेकंदात बंद करतो. हे अगदी स्थळ बघण्यासारखं आहे, बायोडेटाचं पहिलं पान धड नसेल तर पुढचं कोणी उघडत नाही. पहिल्या फ्रेमवर नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, उंची-वजन, जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी), जर्सी नंबर, हायस्कूल कोचचा फोन. मग सगळ्यात भारी पाच प्ले पहिले, तारखेनुसार नाही. स्नॅपच्या (प्ले सुरू व्हायच्या) आधी पोराभोवती गोल किंवा बाण, म्हणजे शोधायला लागू नये. एकूण तीन-चार मिनिटं बास. गाणी, स्लो मोशन, टचडाउननंतरचा नाच सगळं काढून टाका. कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) असेल तर नुसते इंटरसेप्शन (समोरच्या टीमचे पकडलेले पास) लावू नका, त्यातले निम्मे क्वार्टरबॅकने घाण फेकलेले असतात हे कोचला कळतं, त्यापेक्षा मोकळ्या मैदानात एकट्याने केलेला टॅकल दाखवा, रिसीव्हर वळल्यावर पाय कसे वळले ते दाखवा. लाइनमन (पुढच्या रांगेतला ढकलणारा) असेल तर शिट्टी वाजेपर्यंतचा प्ले ठेवा, मध्येच कापू नका, कारण शेवटपर्यंत ढकलतोय का हेच बघायचं असतं. आणि सोबत दोन पूर्ण मॅचेसची लिंक द्या, आवडलं तर पुढची मागणी तीच असते. ज्युनियर सीझनच्या तीन-चार मॅच झाल्या की लगेच नवी फिल्म टाका, सीझन संपायची वाट बघू नका.

ईमेल पोराने लिहायचा. बाबांनी लिहिलेला मेल दोन ओळीत ओळखू येतो, "माय सन इज अ व्हेरी हार्डवर्किंग बॉय" वगैरे, आणि तो तिथेच मरतो. हेड कोचला पाठवून उपयोग नाही, प्रत्येक स्टाफमध्ये असिस्टंट कोचेसना भाग वाटून दिलेले असतात, कोणाकडे नॉर्थ टेक्सास, कोणाकडे ह्यूस्टन, तो माणूस शोधा, सोबत पोझिशन कोच आणि प्लेयर पर्सोनेलवाला (खेळाडू निवडीचं काम बघणारा). सब्जेक्टमध्येच सगळं यायला हवं: २०२७, आउटसाइड लाइनबॅकर, ६-१, २०५, जीपीए ३.८, फ्रिस्को. मजकूर पाच-सहा ओळी, फिल्मची लिंक, पुढच्या मॅचची तारीख, आणि त्याच कॉलेजबद्दल एखादी खरी गोष्ट, कॉपी-पेस्ट वाटणार नाही अशी. पोराचं एक्सवर (जुनं ट्विटर) खातं असू दे, फिल्म वरती पिन केलेली, कारण फुटबॉलचे कोच तिथेच पडीक असतात. एक नियम लक्षात ठेवा: डिव्हिजन वनचे कोच ज्युनियर इयरच्या आसपासच्या ठरलेल्या तारखेआधी रिक्रूटिंगचा मेसेज पाठवू शकत नाहीत, फार तर कॅम्पचं पत्रक आणि प्रश्नावली येते, पण पोरगं कधीही लिहू शकतं. तेव्हा सोफोमोर (दहावीत) असताना लिहिलं आणि उत्तर आलं नाही म्हणून तोंड पाडून बसू नका.

कॅम्पबद्दल जरा सावध. "तुम्हाला खास निमंत्रण" असं पत्र हजारोंना जातं, पैसे मिळतात ना त्यांना. ज्या स्टाफमधल्या एखाद्या कोचने आधी उत्तर दिलंय, फिल्म बघितलीय, त्याच कॅम्पला जा. जूनमधले एकदिवसीय मोठे कॅम्प मात्र वर्थ आहेत कारण तिथे एकाच मैदानावर बऱ्याच छोट्या कॉलेजांचे कोच उभे असतात. स्टॉपवॉचवर काढलेल्या फॉर्टीच्या (४० यार्ड धावण्याच्या) टाइमवर कोणी विश्वास ठेवत नाही, त्यापेक्षा ट्रॅक टीममध्ये घाला, १०० मीटरचा इलेक्ट्रॉनिक टाइम कोणी नाकारू शकत नाही. लाइनमनला शॉटपुट नाहीतर रेसलिंग. आणि हजारो डॉलर घेऊन "तुमचा मुलगा आम्ही रिक्रूट करून देतो" म्हणणारे जे आहेत त्यांच्यापासून चार हात लांब, वर लिहिलेलं सगळं फुकटात होतं.

थोडं टायमिंगचं. पूर्वी कॉलेजला जागा रिकामी असली की हायस्कूलचं पोरगं घ्यायचे, आता ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) एकवीस वर्षांचा तयार खेळाडू उचलतात. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बसून राहावं लागत नाही, २०२४ पासून अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा बदला. त्यात जून २०२५ च्या हाउस सेटलमेंटनंतर (कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायची कोर्टातली तडजोड) जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांचं फुटबॉल रोस्टर जास्तीत जास्त १०५ खेळाडूंवर आलं, आधी ८५ स्कॉलरशिप आणि वर भरपूर वॉक-ऑन असायचे. म्हणजे सरळ भाषेत, मोठ्या कॉलेजात काठावरच्या पोराची जागा आटलीय, आणि ते पोर आता एका लेव्हलने खाली जातंय. माझं मत विचाराल तर खाली जाऊन खेळणं हे वर जाऊन बाकावर बसण्यापेक्षा कधीही बरं, कारण वरचे लोक पोर्टलमधून खेळलेलाच माणूस उचलतात. फ्रिस्कोच्याच लोन स्टार हायस्कूलचा ॲश्टन जेंटी बघा, थ्री स्टार, बॉइसी स्टेटला गेला, २०२४ मध्ये २,६०१ यार्ड पळाला आणि २०२५ ला सहावा पिक.

सॉकर खेळणाऱ्या पोरांच्या आईबाबांसाठी एक बाजूची गोष्ट: किकर आणि पंटर (दोघेही बॉलला लाथ मारणारे) आणि लाँग स्नॅपर (त्यांच्यासाठी बॉल मागे फेकणारा). उंची-वजनाचं बंधन कमी, हायस्कूलमध्ये स्पर्धा कमी, आणि किकर-पंटरसाठी आपल्या पोरांचा पाय सॉकरने तयार असतो. यात स्कॉलरशिप पटकन मिळत नाही हे खरं, पण रोस्टरवर जागा मिळते.

अभ्यासात हुशार असेल तर तो पत्ता आधी टाका, शेवटी नाही. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते पण घरच्या परिस्थितीनुसार मदत मिळते, आणि कोचचा पाठिंबा ॲडमिशनला कामी येतो. डिव्हिजन थ्रीमध्येही खेळाचे पैसे नाहीत, पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो हे सगळे फुटबॉल खेळतात, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं. ३.९ जीपीएवाला सेफ्टी (डिफेन्सच्या मागच्या फळीतला) तिथल्या कोचला सोन्यासारखा. तिथे प्री-रीड मागायचं, म्हणजे ॲडमिशन ऑफिस आधीच मार्क बघून अंदाज देतं. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो, त्यातले १० कोर्स सीनियर इयर सुरू व्हायच्या आत संपवायचे असतात, आपल्या घरात हा प्रश्न सहसा येत नाही, पण शाळा बदललेली असेल किंवा नववी भारतात झाली असेल तर काउन्सेलरकडून लवकर तपासून घ्या.

व्हिसावाल्यांसाठी वेगळं. पोरगं एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर स्कॉलरशिपला अडचण नाही, पण एनआयएलचे (खेळाडूचं नाव-चेहरा वापरल्याचे) किंवा कॉलेजच्या रेव्हेन्यू शेअरचे (कमाईतल्या वाट्याचे) पैसे म्हणजे कमाई, आणि एच-४ वरच्या मुलाला कामाची परवानगी नसते. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरही हा विषय सोपा नाही. २१ पूर्ण झाले की एच-४ जातोच. सही करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा, कोच म्हणाला "सगळे करतात" तरी.

"ऑफर आली" म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटायच्या आधी पोराला एकच प्रश्न विचारायला सांगा: कोच, मी आज हो म्हणालो तर तुम्ही आज घेणार का? उत्तर "आधी कॅम्पला ये", "सीनियर फिल्म बघू" असं आलं तर ती अजून ऑफर नाही. आणि तुमची तोंडी कमिटमेंट त्यांनाही बांधत नाही, त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला सह्या होईपर्यंत बाकीच्या कोचेसशी बोलणं तोडू नका.

डिसेंबर कोरडा गेला तरी फेब्रुवारीपर्यंत छोट्या कॉलेजांत जागा निघत राहतात, कारण त्यांचीही पोरं पोर्टलमधून वर जातात. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण सीनियर फिल्म घेऊन जुन्या सगळ्या कोचेसना परत लिहायचं. प्रिफर्ड वॉक-ऑन (कोचने बोलावून दिलेली पण स्कॉलरशिपशिवायची जागा) मिळत असेल तर विचारून घ्या की १०५ मध्ये धरताय का, ऑगस्टच्या कॅम्पनंतर किती जणांना काढता, आणि चार वर्षांची फी आम्हीच भरायची का. ज्युनियर कॉलेजचा विचार असेल तर लक्षात घ्या, कॅलिफोर्नियात तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, मिसिसिपी आणि कॅन्ससमध्ये मिळू शकते, राहायची सोय मात्र आधी बघून या.