ट्रंकवर नवा व्हीलॅन जोडताना 'ॲड' गाळू नका

सिस्कोच्या स्विचवर चालू ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणाऱ्या लिंकमध्ये) व्हीलॅन ३० (व्हीलॅन म्हणजे नेटवर्कमधला वेगळा आभासी विभाग) वाढवायचा असेल, तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' अशीच कमांड द्या. 'ॲड' राहिला तर परवानगी असलेल्या व्हीलॅनची आधीची यादी पुसली जाऊन एकटा ३० उरतो आणि बाकीच्या व्हीलॅनची वाहतूक त्या लिंकवर तिथल्या तिथे थांबते. मॅनेजमेंटचा व्हीलॅन (ज्यातून तुम्ही दुरून स्विचवर लॉगिन करता तो) त्यातलाच असेल, तर तुमचं सेशनही तुटतं. मग कन्सोल केबल घेऊन स्विचपाशी जाणं आलंच. दुसऱ्या टोकाच्या ट्रंकवरही ३० जोडा. नंतर 'शो इंटरफेसेस ट्रंक' पाहा: ३० 'अलाउड'मध्ये दिसतो पण 'अलाउड अँड ॲक्टिव्ह'मध्ये नाही, म्हणजे त्या स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नाही किंवा बंद ठेवलेला आहे.